चियोताईचा न बुडणारा सूर्य

न्हाणीघरात जाऊन आंघोळ करायचीच विसरून परत आलेली बाई साऱ्या योत्सुगी वस्तीत एकच सापडेल, आणि तीही आमच्याच गल्लीत. मोतेगींची चियोताई. एका संध्याकाळी साबण, टॉवेल, टोपली असा सगळा सरंजाम घेऊन ती ‘मिनोगामे’ या सार्वजनिक न्हाणीघरात गेली, चपला ठेवायच्या फडताळाशी थबकली आणि तिथेच राहिली. त्या फडताळाच्या प्रत्येक खणाला लाकडाची चपटी किल्ली आहे. किल्ली उपसली की खण बंद, खुपसली की उघडा. चियोताईनं ती पाऊण तास उपसली आणि खुपसली. मग कोरडा टॉवेल आणि कोरडे केस घेऊन खुशीत घरी आली.

नवऱ्यानं, त्सुनेओनं, विचारलं, "पाणी चांगलं तापलं होतं का?"

"कुठलं पाणी?" चियोताई म्हणाली.

ही गोष्ट तोफूवाल्या कामेइनं सायकलवरून तीन गल्ल्यांत पोचवली. त्याचा तोफू दोनच गल्ल्यांत खपतो, पण गोष्टी तीन गल्ल्यांत जातात.

तर असं हे ध्यान. पण ज्यांच्या घरात पोरंबाळं आहेत त्यांनी हिला हसण्याआधी घरचं खेळण्यांचं खोकं एकदा उपडं करून बघावं. ढकललं की म्हातारा झाकण उचलून वास घेतो ती शेवयांची गाडी? चियोताईची. दार लोटलं की गुरुजी फळ्याकडे पाठ फिरवतात आणि मागच्या बाकावरचा पोरगा जीभ काढतो ती शाळा? तीही हिचीच. खोक्यावर नाव मात्र ‘हिनागिकु खेळणी कंपनी’चं. दुकानांत जे हजारांनी जातं त्याचं पहिलं पिल्लू मोतेगींच्या साडेचार चटया मावतील एवढ्याशा खोलीत, खिडकीखालच्या ठेंगण्या टेबलावर जन्माला येतं, हे गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही. चियोताईला त्याचं काही वाटत नाही. गल्लीला वाटतं, म्हणून गल्ली बोलते.

पंधराव्या वर्षी ती अकिता प्रांतातून एक गाठोडं घेऊन इथल्या बाहुल्यांच्या कारखान्यात आली. काम एकच, बाहुल्यांचे डोळे बसवायचे. बाहुली आडवी केली की डोळे मिटणार, उभी केली की उघडणार. शंभर मुली डोळे बसवत होत्या. ते मिटतात कसे, हे बघायला एकीनंच बाहुलीचं डोकं फोडलं.

मुकादम ओरडला, "अगं ए! नवी कोरी बाहुली फोडलीस?"

"ती कशानं झोपते ते बघायचं होतं."

"मग? कळलं?"

चियोनं हात पुढे केला. तळहातावर शिशाची एवढीशी गोळी. "ही आत लोंबकळते. ती पडते म्हणून बाहुली झोपते. पडायला कुणी शिकवावं लागत नाही."

मुकादमानं कपाळावर हात मारला आणि तिला उचलून नमुने बनवायच्या खोलीत टाकलं. म्हणाला, फोडणारीला बनवायला बसवलं की फोडाफोडी थांबेल. थांबली नाही. पण तिथून पुढची चाळीस वर्षं तिनं जे फोडलं त्याच्या दसपट घडवलं.

तिचा नियम एक, आणि तो ती सुनावल्याशिवाय राहत नाही. यंत्र दिसलं की खेळ संपला. मुलाच्या बोटानं एकच काम करायचं, खेळण्यानं पाच करायची, आणि ती पाच कशी झाली ते मुलाला दिसता कामा नये. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. चियोताईचा सगळा धंदाच भांडं लपवण्याचा.

दोन वर्षांमागे तिनं मिनोगामेचंच खेळणं करायला घेतलं. मिटला तर जेवणाच्या डब्याएवढा डबा, उघडला तर आख्खं न्हाणीघर. मध्ये छतापर्यंत न पोचणारी भिंत, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. दारातल्या चौथऱ्यावर मालकीण शिमेआजी, बोटाच्या पेराएवढी. बादल्या म्हणजे चॉपस्टिकच्या टोकांचे तुकडे. आणि समोरच्या भिंतीवर, दोन्हीकडून दिसेल असा, फुजी पर्वत.

डब्याच्या उजव्या बाजूला भट्टीसाठी भंगार लाकूड आणणारी हातगाडी चिकटवलेली. तिचं चाक फिरवायचं, बस्स. चाक फिरलं की टाकीत पाणी चढतं, म्हणजे निळा कागद झुळझुळत वर येतो. आजीची मान एकदा बायकांकडे, एकदा पुरुषांकडे वळते. मधल्या भिंतीवरून साबणाची वडी इकडून तिकडे जाते, कारण साबण विसरलेला नवरा प्रत्येक न्हाणीघरात असतोच. पातळ पांढऱ्या कापडाची वाफ वर सरकते. आणि शेवटी फुजीमागून तांबडा सूर्य उगवतो. डबा मिटला की आतली स्प्रिंग सूर्याला खाली ओढून घेते. मिटल्या डब्यात कोण बघायला जातंय?

हे सगळं अकरा भागांत. बारावा चालणार नाही, कारण हिनागिकुच्या जुळणीच्या बाकावर अकरा बायका बसतात, एकीला एक भाग. बारावीला बसायला जागाच नाही. चियोताईनं चाक दहा हजार वेळा फिरवून पाहिलं. शंभर झाले की एक शेंगदाणा बशीत टाकायची. शेवटी शेंगदाणे त्सुनेओनं खाल्ले.

कंपनीला डबा पसंत पडला. डब्यावर खरं नाव, खरा दर्शनी भाग छापायचा ठरलं. त्यासाठी फक्त एका कागदावर शिमेआजीचा शिक्का हवा होता.

गुरुवारी मिनोगामेला सुट्टी असते. त्या दुपारी कपडे बदलायच्या खोलीत चियोताई डबा घेऊन हजर झाली. सोबत कंपनीचा उशिगोमे, तिशीतला, नव्या बुटांचा गडी. पण बूट फडताळात गेल्यामुळे मोज्याचं भोक उघडं पडलेला. त्सुनेओ आला, आणि कुणी न बोलावता कामेइ आला. चौऱ्याऐंशी वर्षांची शिमेआजी सुट्टी असूनही चौथऱ्यावरच बसली होती. तिला खाली बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

चियोताईनं चाक फिरवलं. पाणी चढलं, मान वळली, साबण गेला, वाफ सरकली, सूर्य उगवला.

आजीनं चष्मा वर केला. "ही मी का?"

"हो आजी."

"माझी मान एवढी आखूड आहे?"

"अहो आजी, तुम्ही आख्ख्या मिळून एवढ्याशा आहात त्यात."

"आणि पुरुषांकडे जास्त वळते."

"दोन्हीकडे सारखी वळते. मोजली आहे मी."

"मग चुकीचं मोजलंस. पन्नास वर्षांत मी तिकडे बघितलेलं नाही."

"मग आमचे पैसे कोण घेत होतं इतकी वर्षं?" कामेइनं विचारलं.

"हात घेत होता. डोळे नाही. आणि तुझ्यात बघण्यासारखं होतं काय रे?"

उशिगोमेनं संधी साधून कागद पुढे सरकवला. आजीनं कनवटीच्या थैलीतून शिक्का काढला, त्यावर तोंडानं ‘हाऽ’ करून ऊब दिली आणि कागदावर नेला. चियोताईची दोन वर्षं त्या तांबड्या ठशापासून चार बोटं दूर होती.

"थांब," आजी म्हणाली. "एकदा मलाही फिरवू दे की."

उजव्या हातात शिक्का, कारण तो उजव्यानंच मारायची रीत. पण अडचण ती नव्हती. आजी जन्माची डावखुरी. तिनं डावा हात डब्यावरून पलीकडे नेला, चाक धरलं आणि आपल्याकडे ओढलं. उलटं.

वाफ खाली आली. साबण मागे गेला. आणि फुजीच्या माथ्यावरचा तांबडा सूर्य हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, डोंगराआड बुडाला.

कामेइचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

आजीनं शिक्का बाहीला पुसला आणि थैलीत टाकला.

"चियो, किती वर्षं न्हातेस इथे?"

"चाळीस."

"त्या भिंतीवर कधी बुडता सूर्य पाहिलास?"

"नाही."

"गळतं पान?"

"नाही."

"दर दोन वर्षांनी रंगारी येतो. शिडीवर पाय ठेवण्याआधी मला विचारतो, आजी, सूर्य चढताच ना? पन्नास वर्षं मी त्याला सांगतेय, चढताच. न्हाणीघरात सूर्य बुडवला की न्हाणीघर बुडतं. पलीकडच्या गल्लीतलं बुडालं. स्टेशनजवळचं बुडालं. आणि तू माझ्या नावाच्या डब्यात पोरांकडून रोज बुडवून घेणार?"

उशिगोमे म्हणाला, "आजी, हे नुसतं खेळणं आहे हो."

"आणि हे नुसतं गरम पाणी आहे. मग लोक कशाला येतात रे इथे?"

उशिगोमेनं कागद गुंडाळला. त्याच्याकडे निरोप होता. रस्त्यावर आल्यावर तो चाचरत म्हणाला, "ताई, पुढच्या गुरुवारपर्यंत शिक्का हवाच. नाहीतर वरच्यांकडे दुसरा आराखडा तयार आहे. ‘उड्यांचा गरम झरा’ नावाचं खेळणं. घसरगुंडीवरून बाहुल्या पाण्यात उड्या मारतात, आत मोटर, बॅटरीवर चालणारं."

"बॅटरी?" चियोताई एवढंच म्हणाली. पण अशा सुरात की उशिगोमेनं नकळत दोन पावलं मागे घेतली.

मोतेगींच्या घरी त्या संध्याकाळी भात करपला. चियोताई भिंतीशी बोलत होती. "मी उजवी. हे उजवे. दहा हजार वेळा फिरवलं, सगळं उजव्या हातानं. डावा हात जगात असतो हे मला ठाऊक नव्हतं का? आजीच्या डाव्या हातात चाळीस वर्षं नाणी ठेवतेय मी!"

त्सुनेओ साचे कोरणारा माणूस. जिथे इतरांना दहा शब्द लागतात तिथे तो दोनांत भागवतो. म्हणाला, "उलट अडवणारी खिटी बसव."

"तो बारावा भाग होतो."

"सूर्य काढ."

"तो काढला तर चाक फिरवायचं कशासाठी? वाफ बघायला?"

"मग जेवू या."

जेवले. करपलेल्या भातावर त्यानं गरम चहा ओतून घेतला आणि चकार शब्द काढला नाही. लग्नं टिकतात ती अशी.

पुढचे दोन दिवस चियोताई गल्लीत बघावं तिथे उभी. शनिवारी ती न्हाणीघराच्या मागच्या बोळात उभी होती. आजीचा मुलगा कुनिहेइ भट्टीसाठी पाडलेल्या घरांचं लाकूड हातगाडीवरून आणत होता. बोळातून भट्टीच्या दारापर्यंत एक फळकुटांचा उतार आहे, आणि त्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. कुनिहेइ जोर लावतो, चाक पट्टी चढतं, पलीकडे ‘टक’ करून टेकतं. तिथे तो गाडी सोडून घाम पुसतो, विडी पेटवतो, सून काय म्हणाली ते सांगतो. गाडी जागची हलत नाही. मागे जायला गेली तर पट्टी आडवी.

चियोताई म्हणाली, "कुनिहेइ, गाडी पुन्हा खाली ने."

"का?"

"पुन्हा वर आण. मला बघायचंय."

"चियोताई, चार मण लाकूड आहे यात!"

पण तो घेऊन गेला खाली, आणि पुन्हा वर आणली. हिच्या तोंडावरचा तो भाव गल्लीला ओळखीचा आहे. नाही म्हणून उपयोग नसतो.

घरी येऊन तिनं सूर्य चढवणारी चकती काढून फेकली आणि नवी कापली. शंखासारखी. कड सुरू होते ती मधोमध, आणि फिरत फिरत बाहेर जाते. सूर्याची दांडी त्या कडेवर टेकलेली, म्हणून चकती फिरली की सूर्य चढतो. कडेला तिनं करवतीसारखे दात पाडले. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला भिंत. सरळ फिरवलं की दांडी पट्टीमागून पट्टी चढत जाते. उलट फिरवू पाहिलं की दाताची भिंत आडवी येते. चाकावर फार जोर केला तर ते ज्यावर बसवलंय त्या आडव्या दांड्यावर नुसतं घसरतं. पोरांची बोटं सापडू नयेत म्हणून ती सोय पहिल्यापासूनच होती. बारावा भाग नाही, खिटी नाही. चकतीच आपली खिटी झाली.

सूर्य आता थरथरत चढू लागला. चियोताईनं डोळे किलकिले करून बघितलं. "वाफेतून असाच दिसतो," ती स्वतःशीच म्हणाली आणि थरथर तशीच ठेवली.

पण शंखाची कड कुठेतरी संपते. तिथे दांडी घसरून थेट तळाला येणार, आणि सूर्य कोसळणार. त्यापेक्षा बुडणं बरं अशी गत!

पडायला कुणी शिकवावं लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य तिला आठवलं की नाही ठाऊक नाही, पण तिनं पडणं थांबवायचा नाद सोडला. ते झाकायचं ठरवलं. वाफेची वेळ बदलली. आधी वाफ सूर्याच्या आधी चढायची. आता सूर्य माथ्यावर आला की वाफ उठते, सारा फुजी झाकते, आणि त्या पांढऱ्या कापडाआड सूर्य खाली पडतो. वाफ विरली की डोंगर मोकळा, आणि थोड्या वेळानं सूर्य पुन्हा उगवायला तयार. सूर्याला मागून शिशाची गोळी चिकटवल्यावर तो आपोआपच पडू लागला, स्प्रिंगची गरजच उरली नाही. सुंठीवाचून खोकला गेला. अकराचे दहा झाले.

एकच गोष्ट राहिली. पडताना आवाज येई. ‘खट्ट.’ मुलानं तो ऐकला की लगेच विचारणार, वाफेमागे काय पडलं? यंत्र दिसलं नाही तरी ऐकू आलं, म्हणजे खेळ संपलाच. तिनं खाली नमदा लावून पाहिला. आवाज गेला, पण चकतीचे दातही त्यात अडकू लागले. लोकर लावली, तीही अडकली. मंगळवारपर्यंत टेबलावर चिंध्यांचा ढीग आणि चियोताईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

बुधवारी दुपारी चारला, न्हाणीघर उघडताच, त्सुनेओनं तिच्या हातात टोपली दिली. "जा. अंगाला भुशाचा वास येतोय."

बायकांच्या बाजूला चार-पाचजणीच होत्या. चियोताई ठेंगण्या स्टुलावर बसली आणि अंगावर पाणी घ्यायचं सोडून फुजीकडे बघत राहिली. तेवढ्यात शेजारी कामेइच्या बायकोनं लाकडी बादली फरशीवर ठेवली.

कापोऽऽन.

उंच छत, ओली फरशी, पोकळ बादली. हा आवाज इथे जन्म काढलेल्या माणसाला ऐकूच येत नाही. तो थांबला तरच माणूस दचकेल.

चियोताईनं मान वळवली. "पुन्हा ठेव."

"काय?"

"बादली. उचल आणि पुन्हा ठेव."

कामेइबाईनं ठेवली. कापोऽऽन. चियोताईनं तिच्याकडून बादली हिसकावून घेतली, उलटी केली, बोटांनी ठोकली, तळाशी कान लावला. अंगावर चिंधी नाही आणि बादलीला कान!

"चियोताई, बादली आजारी आहे का गं? नाडी बघतेस ती?"

"तळ केवढा जाड आहे हिचा?"

"मला काय ठाऊक! माझा मोजू नकोस म्हणजे झालं!"

भिंतीपलीकडून पुरुषांच्या बाजूनं कामेइ ओरडला, "काय चाललंय तिकडे?"

"तुझी बायको शाबूत आहे!" चियोताई ओरडली आणि उठली. केस पुसले नाहीत, टोपली विसरली, चप्पल दुसऱ्याची घातली. पण या खेपेला निदान ओली तरी होती.

मग तिनं आवाज दडपायचा नाद सोडून तो वाजवायला घेतला. डब्याच्या तळाशी, सूर्य पडतो नेमका तिथे, पातळ सरूच्या लाकडाची पोकळी सोडली. ती डब्याचाच भाग, वेगळा तुकडा नाही. मग पातीनं तासायचं, सूर्य पाडायचा, ऐकायचं. पुन्हा तासायचं. त्सुनेओ बादली घेऊन समोर बसला. तो बादली ठेवी, ती सूर्य पाडी.

"जाड," त्सुनेओ म्हणे. थोड्या वेळानं, "अजून जाड." मग एकदा त्यानं बादली बाजूला सारली. मान खाली घालून हसत राहिला.

गुरुवारी पुन्हा सगळी मंडळी जमली. सुट्टीचा दिवस, टाक्या रिकाम्या, फरश्या कोरड्या, आत चिटपाखरू नाही. शिमेआजी चौथऱ्यावर. उशिगोमेच्या बगलेत दुसरी गुंडाळी होती, त्या उड्यांच्या झऱ्याची. चियोताईनं ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

सूर्य अर्धा चढवून डबा तिनं आजीसमोर ठेवला. "तुम्हीच फिरवा आजी. डाव्या हातानं."

आजीनं तिच्याकडे रोखून बघितलं. हात पलीकडे नेला, चाक आपल्याकडे ओढलं. चाक नुसतं गरगरलं. सूर्य जागचा हलला नाही. तिनं दातओठ खाऊन ओढलं. फुजी ढिम्म.

"बुडत नाही," आजी म्हणाली, जणू तक्रारच करत होती.

"नाही बुडत. आता दुसरीकडे फिरवा."

अवघडून आजीनं चाक पुढे लोटलं. पाणी चढलं. मान वळली. फुजीमागून तांबडा सूर्य थरथरत, पट्टी पट्टी चढत माथ्यावर आला. मग वाफ उठली, दाट पांढरी, आणि सगळा डोंगर झाकून गेला.

कापोऽऽन.

आजीचं डोकं झटक्यानं आत, न्हाण्याच्या जागेकडे वळलं. "हळू ठेवा गं बादली! फरशी फुटेल!"

आणि मग तिला आठवलं, आज गुरुवार. आत कुणीच नाही.

कुणी हसलं नाही. कामेइसुद्धा नाही.

आजीनं चष्मा वर करून डबा जवळ ओढला. वाफ विरली होती. भिंतीवर नुसता डोंगर.

"सूर्य गेला कुठे?"

"बुडताना पाहिलात का तुम्ही?" चियोताईनं विचारलं.

"नाही."

"मग?"

आजीच्या तोंडाचं बोळकं हळूहळू पसरलं. "खरंय. वाफेआड काय काय होतं, ते पन्नास वर्षांत मीही कधी बघितलेलं नाही." तिनं थैली उघडली, शिक्का काढला, ‘हाऽ’ केलं. या वेळी रीत बाजूला ठेवून तिनं तो डाव्या हातात घेतला आणि कागदावर दाबला. ठसा उलटा उमटला. उशिगोमेनं तो आधी सुलटा, मग उलटा धरून बघितला आणि म्हणाला, "चालेल. चालेल!" मग लगेच डबा उपडा करून भाग मोजू लागला. "आठ, नऊ, दहा... ताई, अकरावा कुठाय?"

"नाही."

"म्हणजे? बाकावरची अकरावी बाई काय करणार?"

"तिच्यासाठी आणलाय." चियोताईनं खिशातून अंगठ्याएवढी सायकल काढली आणि डब्याच्या डाव्या बाजूला, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला अडकवली. सायकलचं मागचं चाक म्हणजे दुसरी मूठ. डाव्या हातानं डावीकडची मूठ पुढे लोटली की दांडा सरळच फिरतो. सायकलच्या मागे एवढीशी तोफूची पेटीसुद्धा होती.

कामेइ पुढे वाकला. "ही माझी सायकल!"

"मग? न्हाणीघराबाहेर टेकवलेली दुसऱ्या कुणाची असते रोज?"

आजीनं डावा हात पुढे केला. सायकलचं चाक अगदी सहज, न अवघडता, पुढे लोटलं. सूर्य चढला. चौऱ्याऐंशी वर्षांत प्रथमच तिच्यासाठी कुणी काही डाव्या बाजूला ठेवलं होतं. ती म्हणाली, "मान मात्र अजून आखूडच आहे."

तो डबा दुकानांत आला तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरानं घेतला. कामेइनं तीन घेतले आणि कुठलंही गिऱ्हाईक सायकल बघितल्याशिवाय सुटलं नाही. खोक्यावर मिनोगामेचं नाव आहे, हिनागिकुचं नाव आहे, चियोताईचं कुठेच नाही. आजीनं एक डबा चौथऱ्यावर ठेवलाय. कपडे बदलता बदलता जो तो एकदा फिरवतोच.

चियोताई हल्ली रोज चारला येते आणि आंघोळ करते, खरीखुरी. मानेपर्यंत पाण्यात बसते, पाठ कपडे बदलायच्या खोलीकडे करून, डोळे मिटून. बाहेर कुणीतरी चाक फिरवतं, कापोऽऽन वाजतं, ती मोजायला एक बोट दुमडते. मग आत कामेइबाई बादली ठेवते, आणि ताईचा हिशेब चुकतो. यातलं कुठलं आपलं आणि कुठलं बादलीचं, तिचं तिलाही कळत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.